डावीकडची कोंबडी

वाचता वाचता एक करून पाहा. मान न वळवता सांगा, तुमच्या डोक्याच्या मागं आत्ता काय दिसतं? काळं? पांढरं? धुक्यासारखं? काहीच नाही. आणि काही दिसत नाही म्हणून चुकल्या-चुकल्यासारखंही वाटत नाही. ती बाजू जगात असते, तुमच्या ध्यानात नसते.

माझ्या डाव्या बाजूचं तसं झालं होतं. जवळपास पाच महिने.

मी सुधाकर. राहणार हिंगणी, तालुका सेलू, जिल्हा वर्धा. खेळांची व्यंगचित्रं काढतो. नागपूरच्या एका दैनिकात दर सोमवारी क्रीडापानावर माझं चित्र येतं, अठरा वर्षं झाली. शिवाय जर्सीवरचे वाघ, संघांची बोधचिन्हं, स्पर्धांचे बॅनर अशी कामं. ज्यांच्या घरात माझ्यासारखा पेशंट आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. डॉक्टरकी मला येत नाही. जे मला दिसलं ते सांगतो, आणि जे दिसलं नाही ते बायकोला विचारून सांगतो.

आधी थोडं माझं

माझ्याआधी आमच्या घरात बसून कागदावर पेन टेकवला तो फक्त तलाठ्यानं. बाबा पऱ्हाटी, म्हणजे कापूस, आणि तूर पेरायचे, सही म्हणजे अंगठा. मी शाळेत खेळात कच्चा. कबड्डीच्या संघात मला कोणी घ्यायचं नाही, पण मैदानावर चुन्याच्या फक्कीच्या रेषा मारायला मलाच बोलवायचे, कारण दोरी न धरता माझी रेषा सरळ यायची. रेषा मारून झाली की बाजूला बसून खेळणाऱ्यांचे पाय पाहायचो. चेहरा खोटं बोलतो, पाय बोलत नाही. कोण घाबरलंय, कोण झेप घेणार, कोण नुसता देखावा करतो आहे, सगळं पायाच्या अंगठ्यात येतं. म्हणून मी आजही चित्र अंगठ्यापासून सुरू करतो आणि चेहऱ्यावर संपवतो.

बी.ए. वर्ध्याहून केलं, मग चित्रकलेचा डिप्लोमा नागपूरहून. घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट. हे मी कोणी न विचारता सांगतो. आताही सांगितलंच.

पहिलं चित्र छापून आलं तेव्हा बाबांनी ते पान गावभर फिरवलं. वाचता येत नव्हतं, खालच्या उजव्या कोपऱ्यातल्या सहीवर बोट ठेवून म्हणायचे, "हे आमचं नाव हाय." त्या दिवसापासून त्या सहीच्या वर दुसऱ्या कोणाची शाई मी पडू दिली नाही. एका बॅनरवाल्यानं मला न विचारता माझ्या वाघाच्या मिशा वाढवल्या, तर मी त्याचं कामच सोडलं. लोक म्हणाले घमेंडी आहे. आहे.

अर्धी दाढी

तो दिवस थंडीतला होता. सकाळी दाढी करून अंगणात आलो. धाकटा भाऊ रमेश शेतात निघाला होता, त्याचं घर आमच्या भिंतीला लागून आहे. मला पाहून तो हसायला लागला.

"दादा, अर्धीच दाढी केली काऊन? नवीन फॅशन आली का पेपरात?"

मी गालावरून हात फिरवला. गाल गुळगुळीत. अर्थात उजवा.

"झाली ना पूर्ण. डोळे तपासून घे तुये."

"वहिनी, या बरं बाहेर! याहीले पाह्य!"

संगीता, माझी बायको, चहा घेऊन बाहेर आली आणि तीही हसली. तिनं कप पुढं केला. मला कप दिसला नाही. ती मला म्हणते की तिनं कप माझ्या डाव्या हाताजवळ धरला होता, मी तिच्याकडं न पाहता "चहा आण ना" म्हणालो, आणि माझ्याच कोपरानं कप पडला. एका पायात चप्पल होती, दुसरा पाय अनवाणी. आधी तिचं हसू थांबलं, मग रमेशचं.

गाडीतून वर्ध्याला नेलं. तो रस्ता मी आयुष्यभर पाहत आलो, पण त्या दिवसासारखा कधी पाहिला नाही. झाडं फक्त एका बाजूनं येत होती आणि नाकासमोर येऊन विरघळत होती. बैल येत होते, सायकली येत होत्या, शाळेच्या मुली येत होत्या, आणि सगळे हलके हलके नाहीसे होत होते. कोणीतरी पाण्यात रंग सोडत आहे असं वाटत होतं. मी खूश होतो. खरंच सांगतो, फार खूश होतो.

दवाखान्यात डॉक्टरांनी कागद दिला. म्हणाले, घड्याळ काढा. मला हसू आलं. आर्टिस्टला घड्याळ काढायला सांगता? मी मन लावून काढलं. गोल एका झटक्यात, आकडे नीट, काट्यांना टोकं, वर लटकवायचा खिळासुद्धा. कागद परत दिला. डॉक्टरांनी आकड्यांवरून बोट फिरवलं.

"बाराही आकडे उजव्या बाजूलाच आहेत," ते म्हणाले. "दुसरी बाजू?"

"दुसरी कोणती?"

माझ्या मागं संगीताच्या बांगड्या वाजल्या. तिनं तोंडावर हात ठेवला असावा.

मेंदूच्या उजव्या बाजूचा रक्तपुरवठा अडला होता. आपल्याकडं त्याला लकवा म्हणतात. डावा हात-पाय थोडा ढिला पडला, बोलणं शाबूत, उजवा हात शाबूत. डोळेही शाबूत. फक्त डावीकडं काही असतं हेच मेंदू विसरला होता. रमेश बाहेर जाऊन रडून आला. संगीतानं दोन दिवस अन्न घेतलं नाही. मला मात्र भीती वाटली नाही. त्यात धाडस काही नव्हतं. भीती ज्या बाजूला उभी होती, ती बाजूच मला नव्हती.

घरच्यांनो, हे लक्षात ठेवा. असा पेशंट "मले काई झालं नाई" म्हणतो तेव्हा तो तुम्हाला धीर देत नसतो. त्याला खरंच तसं वाटत असतं. भिण्याचं काम तुमच्यावरच पडतं.

वॉर्डातले दिवस

सकाळी सिस्टर यायची, प्रेशर पाहायची, गोळ्या द्यायची. मग डॉक्टरांचा राउंड. मग व्यायामाच्या मॅडम. डॉक्टरांनी घरच्यांना सांगितलं होतं, मुद्दाम डाव्या बाजूला बसा, डावीकडून बोला, म्हणजे तिकडं लक्ष जाईल. त्यामुळं झालं असं की माणसं गायब झाली आणि आवाज राहिले. हवेतून संगीताचा आवाज यायचा, "औषध घेतलं का?" आणि मी उजवीकडच्या खाटेवरच्या काकांना उत्तर द्यायचो, "हाव, घेतलं."

ते काका कारंजा घाडग्याचे, ट्रक चालवून निवृत्त झालेले. दोन-तीनदा त्यांनी चालवून घेतलं, मग म्हणाले, "भाऊ, मी नाई विचारलं. तुमच्या मिसेस विचारून राह्यल्या. तुमचा डावा आरसा तुटला दिसते."

आजवर ऐकलेल्या सगळ्या निदानांत मला हे सर्वांत नीट समजलं.

दुपारी डोळा लागला की एकच स्वप्न पडायचं. कबड्डीचं मैदान. मध्यरेषा पांढरीशुभ्र. रेषेच्या या बाजूला आम्ही सात जण उभे. आमचा गडी रेषा ओलांडून पलीकडं जातो. त्याचा दम ऐकू येतो, कबड्डी, कबड्डी, कबड्डी, मग बारीक होत होत थांबतो. गडी परत येत नाही. पलीकडून बोर धरणावरचं सकाळचं धुकं सरकत रेषेपर्यंत येतं आणि तिथं थांबतं. मग दुसरा गडी जातो. मग तिसरा. आम्ही कोणी ओरडत नाही. धुक्याचा गार वास येतो. शेवटी मी एकटा उरतो आणि मला फार शांत वाटतं.

त्या दिवसांत छोट्या छोट्या गोष्टींनी तारलं. काकांनी अर्धं सीताफळ दिलं, तेही उजव्या हातात. एक सिस्टर पाण्याचा ग्लास न बोलता डावीकडून उजवीकडं सरकवून जायची. डॉक्टरांना ते पसंत नव्हतं, मला होतं.

मोकळी जागा

तिसऱ्या आठवड्यात मी कागद मागितला. पेपरवाले दोन सोमवार माझी जुनी चित्रं छापत होते, ते मला अपमानासारखं वाटत होतं. डॉक्टर म्हणाले, रोज काढू द्या, चांगलंच आहे. पॅडवर कागद लावून मी कबड्डीतल्या चढाईचं चित्र काढलं. सात बचावपटू, पाय रोवलेले, डोळे फाटलेले, सगळे चढाईवाल्याकडं भेदरून पाहत आहेत. खाली सही केली.

संगीतानं पाहिलं. "अहो, अर्धा कागद रिकामा हाय. ज्याले पाहून हे भेले, तो गडी कुठी हाय?"

मी काय म्हणालो ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. म्हणालो, "तू बारावी. मी डिप्लोमा केला चित्रकलेचा. चित्रात मोकळी जागा लागते. ते मले शिकवू नको."

हे फक्त चित्रकाराच्याच तोंडून निघेल. शेतकऱ्यानं अर्धं वावर पेरायचं सोडलं तर त्याला कळेल. आम्हाला आमचं सोडलेलं कौतुकानं मिरवता येतं.

तिनं पॅडवरून कागद काढला. चित्राचा फोटो काढून पेपरला पाठवते म्हणाली आणि कागद घेऊन व्हरांड्यात गेली.

पुढं व्हरांड्यात काय झालं ते मला तीन महिन्यांनी कळलं. पण वाचणाऱ्याला ताटकळत ठेवायची माझी सवय नाही, म्हणून आत्ताच सांगतो. संगीता गावात अंगणवाडी सेविका आहे. भिंतीवरचे तक्ते ती स्वतः रंगवते. कोंबडी आणि तिची पिल्लं, आंब्याचं झाड, दोन वेण्यांची मुलगी, पोपट. गोल डोळ्यांची, सुखी चित्रं. व्हरांड्यातल्या बाकावर बसून तिनं माझ्याच पेनानं रिकाम्या बाजूला जे येत होतं ते काढलं. एक कोंबडी. मागं पाच पिल्लं. डौलात मैदान ओलांडून चाललेली.

आणि उजवीकडं सात जवान तिला पाहून थरथरत आहेत. खाली माझी सही.

सोमवारी क्रीडापानाचे संपादक वानखेडे साहेब यांचा फोन आला. "सुधाकरजी, दवाखान्यातून हे? क्या बात है! कोंबडीनं कमाल केली!"

मला वाटलं, ते माझ्या बचावपटूंना कोंबड्या म्हणत आहेत. भेदरलेला माणूस कोंबडीसारखाच दिसतो. मी म्हणालो, "अठरा वर्षांचा अनुभव आहे साहेब."

ताट

घरी आलो. काठी घेऊन चालायला लागलो. दाराच्या डाव्या चौकटीला रोज धडकायचो. आणि जेवणात चव नव्हती.

ताट वाढायची आपली रीत असते. मीठ, लिंबू, चटणी, ठेचा, कोशिंबीर हे सगळं डाव्या बाजूला, भाजी-वरण उजव्या. मी उजवी बाजू संपवून उठायचो.

"ठेचा करणं सोडलं का तू?"

"ताटात हाय."

"कुठी हाय?"

ती उठायची आणि ताट अर्धं फिरवायची. ठेचा प्रकट व्हायचा. दररोज दोनदा हा चमत्कार. पहिले काही दिवस ती हसली. मग हसली नाही. एकदा ताट फिरवता फिरवता म्हणाली, "साऱ्या घराले मी असंच फिरवत बसू का आता?" आणि चुलीपुढं जाऊन बसली. मी तिच्याकडं पाहिलं नाही. ती डावीकडं होती.

दर सोमवारी चित्र छापून येत होतं. पेपरमध्ये मला फक्त माझी बाजू दिसायची. मथळेही अर्धेच वाचायचो. कोण हरलं ते कळायचं, कोण जिंकलं ते कळायचं नाही. गावातली माणसं मला म्हणायची, "सुधाभाऊ, या खेपेची बकरी जोरदार." मी मान डोलवायचो. लोक आजारी माणसाशी काहीही बोलतात असं मी धरून चाललो होतो. रमेशला सगळं ठाऊक होतं. तो तोंड फिरवून हसायचा आणि वहिनीकडं पाहायचा.

लाल पट्टी

व्यायामाच्या मॅडम आठवड्यातून एकदा तपासायच्या. वर्ध्याच्याच, वयानं माझ्या पुतणीएवढ्या, पण शब्दाला पक्क्या. त्यांनी विजेच्या कामाची लाल टेप कागदाच्या डाव्या कडेला उभी चिकटवली.

"काका, वाचायच्या आधी ही लाल रेष शोधायची. सापडेपर्यंत मान वळवायची. सापडल्याशिवाय एक अक्षर वाचायचं नाही."

"आणि नाही सापडली तर?"

"तर आज वाचन नाही."

सुरुवातीला रेष नसायचीच. मान वळवून वळवून खांदा दुखायचा. मग कधीतरी एक तांबूस धूर दिसायला लागला. मग धुराला कडा आली. आठवड्याला एक बोट असं डावीकडचं जग परत येत होतं, आणि येताना फार हळू, झोपेतून उठल्यासारखं येत होतं. एका सकाळी खिडकीची दुसरी चौकट आली. एका सकाळी तुळस. मी तिला पाहून रडलो. संगीता म्हणाली, "तुळस कुठी गेलतीच नाई."

मॅडम म्हणाल्या, आता स्वतःची चित्रं पाहा, ओळखीच्या गोष्टीवर नजर लवकर सरकते. संगीता माझी कात्रणं वहीत चिकटवते. ती अंगणवाडीत गेली होती. मी वही उघडली, डावीकडं टेप लावली आणि मान वळवायला लागलो.

उजवीकडं माझे सात गडी. मधे माझी रेषा. आणि रेषेच्या पलीकडून, स्वप्नातल्या त्या धुक्यातून, एक पिल्लू आलं.

मी डोळे मिटले. पुन्हा उघडले. पिल्लू तिथंच. त्याच्या पुढं दुसरं. मान अजून वळवली. कोंबडी. गोल डोळ्यांची, गळ्यात पिसांचा घोळ, जगात काही वाईट नाही अशा चालीनं चाललेली. पुढचं पान उलटलं. माझा धापा टाकणारा धावपटू, आणि त्याच्यापुढं निवांत पाला खाणारी बकरी. पुढचं पान. माझे चिडलेले फलंदाज, आणि दोन वेण्यांची मुलगी त्यांना आंबा देते आहे. मला वाटलं मेंदू पुन्हा बिघडला. मग मी ती कोंबडी ओळखली. रोज अंगणवाडीच्या भिंतीवर पाहतो.

बारा चित्रं. बाराही चित्रांच्या खाली माझी सही.

दोन दिवस

ती आली तेव्हा वही माझ्या मांडीवर उघडी होती.

"हे काय केलं तू?"

तिनं पाहिलं आणि दारातच बसली. "दिसलं?" ती म्हणाली. "दिसलं तुमाले?" आणि तिचे डोळे भरून आले. ती आनंदानं रडत होती, आणि मी तिच्यावर ओरडत होतो.

"माझ्या सहीवर? अठरा वर्षांत कोणाला हात लावू दिला नाही मी! मला विचारायचं नाही?"

"सांगतलं होतं. तुमी म्हणाले मोकळी जागा."

"मग तसंच पाठवायचं!"

"तसंच पाठवलं असतं तर पेपरवाल्यानं परत केलं असतं. मग तुमी पेन ठेवून देला असता. डॉक्टर म्हणत, रोज काढू द्या. मी काय करू? मले जे येते ते काढलं." मग डोळे पुसून म्हणाली, "आन सहीले हात नाई लावला. सही उजवीकडे होती."

दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. रमेश आला, दोघांकडं पाहून म्हणाला, "दादा, त्या बॅनरवाल्यानं मिशा वाढवल्या तं तू त्याचं काम सोडलं. वहिनीले सोडता येते का पाह्य."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी एकटाच बसून बाराही चित्रं पुन्हा पाहिली. राग बाजूला ठेवून, चित्रकाराच्या नजरेनं. माझी बाजू कसबी होती. पण सगळे भेलेले. बाराच्या बारा चित्रांत माझी माणसं डोळे फाडून एकाच दिशेला पाहत होती. भीती मला नव्हती असं मी वर लिहिलं. ती सगळी कागदावर होती. आणि त्या भीतीसमोर बायकोनं दर आठवड्याला एक कोंबडी, एक बकरी, एक लहान मुलगी नेऊन ठेवली होती.

मी वानखेडे साहेबांना फोन लावला.

"साहेब, गेल्या बारा चित्रांची डावी बाजू माझी नाही."

"मतलब?"

"बायकोनं काढली. मला ती बाजू दिसत नव्हती. मला ठाऊक नव्हतं, पण सही माझी आहे."

"हसू की रागवू समजून नाही राह्यलं," ते म्हणाले. "पण सुधाकरजी, वाचकांपुढं खोटं गेलं. आता सांगा, पूर्ण चित्र एकट्यानं जमते का?"

"माहीत नाही."

"येत्या सोमवारचं काढा. एकट्यानं. जमलं तर छापतो. नाही जमलं तर बरे होईपर्यंत जागा दुसऱ्याला द्यावी लागेल."

"आणि जमलं तर खाली एक ओळ छापा."

"कोणती?"

"खरी ती."

फोन ठेवला. संगीता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "काऊन सांगतलं? जागा गेली तं?"

"जागा माझी आहे. गेली तर माझी जाईल."

"तुमची एकट्याची नाई हाय ते," ती म्हणाली. तिचं बरोबर होतं.

चार दिवस

सोपं चित्र निवडता आलं असतं. एकटा खेळाडू, उजव्या बाजूला. पण घमेंड आजारात मरत नाही. मी ठरवलं, सात जणांनी पकडलेला गडी, पाय बचावपटूंच्या हातात, आणि हात मध्यरेषेकडं ताणलेला. रेषा डाव्या टोकाला. म्हणजे सगळा जीव डावीकडं.

पायाच्या अंगठ्यापासून सुरुवात केली. उजवी बाजू एका दिवसात झाली. मग लाल पट्टी शोधायची, मान तिथवर न्यायची, तिथून परत येत एक रेघ मारायची. पुन्हा पट्टी. पुन्हा रेघ. रेघ मारता मारता जग पुन्हा विरघळायला लागायचं, कागद बोटांखालून वाहत जायचा, मी पेन उचलून थांबायचो. धुकं निवलं की पुढची रेघ. तीन दिवस असे गेले. मी कोणाला जवळ येऊ दिलं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी पेन ठेवला. झालं असं वाटलं. पण "झालं" या माझ्या शब्दावर आता माझाच भरवसा नव्हता. अठरा वर्षांत जे कोणाला विचारलं नव्हतं ते विचारायला मी स्वयंपाकघराकडं तोंड करून हाक मारली.

"संगीता, ये जरा. पाहून सांग, काही राहिलं का?"

आवाज माझ्या डाव्या कोपराशेजारून आला. "इथंच हाओ मी."

मी मान वळवली. अजून वळवली. ती पाटावर बसली होती, मांडीवर निवडायची तूर.

"कधीपासून?"

"चार दिवसांपासून. तुमी जवळ येऊ नको म्हणाले, मंग डावीकडून आली."

तिनं चित्र पाहिलं. "राहिलं हाय."

"काय?"

"नाई सांगत. तुमीच पाहा."

"वेळ नाही आता. सांग ना."

"बसली हाओ ना मी," ती म्हणाली आणि तूर निवडायला लागली.

मी पट्टी शोधली. पट्टीपासून परत येत गेलो. रेषा होती, थोडी कललेली. रेषेच्या या बाजूला माती होती. आणि गड्याचा हात कोपरापाशी संपला होता. पुढं काहीच नव्हतं. मी मान धरून ठेवली, पेन घेतला आणि मनगट काढलं, तळवा काढला, पाच बोटं मोजून काढली. मधलं बोट रेषेला टेकवलं.

फोटो रमेशनं काढून पाठवला. संगीतानं कागदाला हात लावला नाही.

सोमवार

पेपर आला. मी ओट्यावर बसून क्रीडापान उघडलं. संगीता शेजारी होती.

माझं चित्र नेहमी असतं त्या जागी क्रिकेटची बातमी होती. खाली जाहिरात. मी पान वरून खालपर्यंत पाहिलं. चित्र नव्हतं. वानखेडे साहेब खरं बोलले होते. मी पानाची घडी घालायला लागलो.

संगीता इतकी गप्प होती की मला शंका आली.

पेपरला लाल पट्टी नव्हती. मी पानाची कड हातानं चाचपली आणि हात जाईल तिकडं मान नेली. बातमीचे रकाने संपले. थोडी कोरी जागा आली. मग पायाचे अंगठे, मग माती, मग एक कललेली पांढरी रेषा, आणि तिला टेकलेलं बोट. पान लावणाऱ्यानं चित्र डाव्या कोपऱ्यात टाकलं होतं. गडी थोडा तिरपा आला होता. डावीकडचे बचावपटू उजवीकडच्यांपेक्षा बारके. पण सगळे होते.

चित्राखाली बारीक अक्षरात एक ओळ होती. मी वाचली: "…काढली होती."

"काय छापलं?" संगीतानं विचारलं. आवाजात धास्ती होती. "अंगणवाडीतल्या बाया चिडवतीन बरं मले."

मी पुन्हा त्या ओळीवर गेलो. मागं सरकलो, एकेक शब्द, "डावी बाजू", अजून मागं, "गेल्या बारा चित्रांतील", अजून मागं, "यांनी", आणि ओळीचं सुरुवातीचं टोक आलं. तिथं, पानाच्या अगदी कडेला, तिचं पूर्ण नाव होतं.

मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं.